आक्काच्या हिरडीतलं हाड

आमच्या बानाआक्काला कुणी अडाणी म्हणलं की माझं डोकं फिरतं. अडाणी कशी? डॉक्टरीण म्हणली तोंड स्वच्छ ठेवा, तर आक्कानं ठेवलं. रोज ठेवलं, मन लावून ठेवलं, अन् त्यातच सगळा घात झाला.

मी शीला, तिची धाकटी जाऊ. आमची मूळची मेंढरं पाचोडकडची. आता आक्काचा लेक बिभीषण बिडकीनला कंपनीत जातो, म्हणून आम्ही सगळे संभाजीनगरात पैठण रोडला राहतो. मेंढरं गेली, पण आक्काचा गळा राहिला. भावकीत कुणाचीबी हळद असू द्या, पहिलं गाणं आक्काचंच. तिनं सूर लावल्याबिगर नवरीच्या अंगाला हळद लागत नाय. गाणं ती तिथल्या तिथं जुळवायची, त्यात नवरीचं नाव गुंफायची, अन् नवरीची आई पदरानं डोळे पुसायची.

मेंढरं होती तवाच एका एडक्यानं तिच्या तोंडावर धडक दिली. वरचे पुढचे दोन दात गेले. तवाच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, जागा रिकामी ठेवू नका, तिथलं हाड विरंल. आक्का म्हणली, "म्हातारीला कशाला पाहिजेत दात? बघू पुढं." मग काढायघालायची प्लेट बसवून घेतली. ती प्लेट पाचोडला एका हळदीत, गाणं ऐन रंगात आलेलं असताना, सटकून हळदीच्या वाटीत पडली. बाया खो खो हसल्या. आक्काबी हसली. घरी येऊन मात्र माझा हात धरून म्हणली, "शीले, रूपालीच्या हळदीला असं झालं तर मी जित्तेपणी मरंन गं."

रूपाली म्हणजे बिभीषणची एकुलती एक पोरगी. आक्काच्या मांडीवर वाढलेली. तिचं लग्न ठरलं होतं, पण पोराकडचे पुढच्या उन्हाळ्यावर अडून होते. आक्का म्हणली, बरं झालं, तवर दात पक्के करून घेते.

गारखेड्याला सोनिया मॅडमचा दवाखाना हाय. बिभीषण घेऊन गेला. मॅडमनं फोटो काढून दाखवला. म्हणल्या, "आजी, पक्का दात म्हणजे हाडात स्क्रू बसवायचा. तुमच्याकडं स्क्रू धरायला हाडच उरलं नाही. आधी तिथं हाड भरावं लागेल."

आक्का खुर्चीतून उठायलाच लागली. "कुणाचं हाड?"

मॅडम हसल्या नाहीत, हे मला लई आवडलं. म्हणल्या, "विचारलंत ते चांगलं केलंत, प्रत्येकानं विचारावं. कधी पेशंटच्याच जबड्यातलं घेतात, कधी दान केलेलं असतं, कधी जनावराचं, कधी कारखान्यात बनवलेलं. तुम्हाला जनावराचं नको ना? मग बनवलेलं घालू." रव्यासारखे दाणे असतात म्हणं. मॅडमनं असं समजावलं, की ते दाणे म्हणजे नुसता मांडव. त्यावर आपल्याच हाडाचा वेल चढायचा असतो. पाच-सहा महिने लागतात, कधी जास्तीबी, अन् तवर मांडव हलवायचा नाय.

मग मॅडमनं विचारलं, शुगर हाय का, रक्त पातळ करायची गोळी चालू हाय का, हाडाच्या दुखण्याची इंजेक्शनं घेतलीत का. शेवटी विचारलं, तंबाखू खाता का, बिडी ओढता का?

"छ्या! असलं काय नाय आमच्यात," आक्का म्हणली. बिभीषणनंबी मान डोलावली.

अन् खोटं कुणीच बोललं नव्हतं बघा. आमच्यात तंबाखू म्हणजे चुना मळून गालात धरायची. मिश्री म्हणजे दात घासायचं. तव्यावर काळी होईस्तोवर भाजली, बारीक कुटून डबीत भरली, की ती तंबाखू राहतीच कुठं? माझी आय लावायची, आमची सासू लावायची, आक्काबी लावायची. कोण त्याला व्यसन म्हणतंय!

हाड भरलं. वरून पातळ पडदा घालून टाके मारले. मऊ खा, जोरात थुंकू नका, ओठ उचलून बघू नका, प्लेट घालू नका. आक्कानं सगळं पाळलं. टाके निघेस्तोवर मिश्रीबी लावली नाय, कारण तिथं बोटच लावायचं नव्हतं. टाके काढताना मॅडम म्हणल्या, "छान भरतंय. आता तोंड स्वच्छ ठेवा."

झालं! आक्कानं डबी काढली. आधी सकाळी एकदाच लावायची, आता जेवण झालं की लावायला लागली. तीबी बरोबर त्याच हिरडीवर, बोट हलकं धरून, लेकराला तीट लावावी तशी. मधी ठणका लागला तर आणखी एक चिमूट, कारण मिश्रीनं दुखणं बसतं असं आमच्यात म्हणतात. हिरडी उघडी पडली. थुंकीत दाणे यायला लागले, वास सुटला. पू दिसला, वास आला तर लगेच या, असं मॅडमनं बजावलं होतं. आक्का गेली नाय. जाऊन दाखवलं अन् मॅडमनं पुढं ढकललं, तर रूपालीची हळद निघून जाईल, ही भीती. ओठ मिटून बसली बिचारी.

पुढच्या तारखेला मॅडमनं ओठ उचलला अन् आरसा आत धरून बघितलं. मग हळू विचारलं, "आजी, इथं काय लावता?"

"मिश्री. तुम्हीच तर म्हणल्या ना, स्वच्छ ठेवा."

मॅडमनं हातातला आरसा खाली ठेवला. "मी मिश्री म्हणून विचारायला हवं होतं," म्हणल्या. भरलेलं सगळं सडलं होतं, खरवडून काढावं लागलं. हिरडी बरी होऊ द्या, मिश्री कायमची सोडा, मग पुन्हा भरता येईल. पण लग्नाआधी जमणार नाय. आक्कानं डबी तिथंच कचऱ्याच्या डब्यात टाकली. घरी आल्यावर मला म्हणली, "शीले, माझ्याच बोटानं मी माझं गाणं मारलं गं." मी तिला लई बोलले, मग दोघी मिळून रडलो.

हळदीला मांडवात सगळ्या बाया थांबल्या. रूपाली पाटावर बसलेली, आक्काकडं बघत म्हणली, "आज्जी, म्हण ना." प्लेट घालायची सोय नव्हती, हिरडी अजून कच्ची होती. आक्कानं पदर तोंडावरनं काढला.

"सोन्याचा सूर्य आला माळाच्या वाटंवर…"

सगळा वारा फटीतून निसटला. 'सोन्याचा सूर्य' कुणाला कळलाच नाय. एक बारकी पोरगी फिसकन हसली, तिच्या आईनं तिला चापट मारली. रूपाली म्हणली, "तसंच म्हण आज्जी, मला कळतंय." आक्कानं मान हलवली अन् पदर परत तोंडावर घेतला. कुणीतरी मोबाईलवर गाणं लावलं, अन् हळद लागली.

पुढचं कडवं रूपालीच्या नावाचं होतं. मी नंतर लई विचारलं, आक्का सांगत नाय.

आता तिची हिरडी ठणठणीत हाय. परवा मॅडम म्हणल्या, आजी, मिश्री सुटली, आता भरू या, या वेळी नक्की टिकेल. आक्का खुर्चीतून खाली उतरली, पदर नीट केला अन् म्हणली, "आता कुणाच्या हळदीला, मॅडम?"