डोळ्यांवर आलेली फांदी

आमच्या गल्लीतल्या फोटोग्राफरला सगळे ‘हनुवटी’ म्हणतात. त्याची स्वतःची हनुवटी सांगण्यासारखी नाही. ती गळ्यात नेमकी कुठे विरघळते हे दाढी करताना त्यालाही शोधावं लागतं. पण उमेदीची सगळी वर्षं त्यानं माणसांना स्टुलावर बसवून एकच मंत्र म्हटला. ‘हनुवटी खाली. एवढी नाही. कपाळावरचे केस मागे. दोन्ही कान दिसू देत. हसू नका.’ या मंत्रापुढे भलेभले नमले. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला कोणाच्या बापाचं ऐकत नाही, पण हनुवटीच्या स्टुलावर तोही गुडघ्यांवर हात ठेवून शहाण्या मुलासारखा बसला होता.

असं असूनही हनुवटीच्या मनात एक सल होता. त्यानं काढलेला एकही फोटो कोणी भिंतीवर लावला नाही. ते सगळे कुठल्या तरी अर्जाच्या कोपऱ्यात चिकटले आणि वर कुणी कारकुनानं नाकावर शिक्का हाणला. ‘माझी कला,’ तो म्हणायचा, ‘फायलीत जाते आणि तिथंच वारते.’ आपल्या हातून एक तरी फोटो असा निघावा की लोकांनी दुकानाच्या काचेसमोर थांबून बघावा, एवढीच त्याची इच्छा. तोंडानं ती कधी बोलून दाखवली नाही, पण गिऱ्हाईक नसलं की काचेतला जुना बाळाचा फोटो सरळ करत बसायचा. तो फोटोसुद्धा कॅमेऱ्याच्या कंपनीनं जाहिरातीसाठी दिलेला होता.

दुकान खरं तर त्याची बायको, आमची वहिनी, चालवते. हनुवटी चेहरा टिपतो, ती तो संगणकावर बरा करते. मुरूम जातात, कॉलर सरळ होते, रात्रभर जागलेला माणूस झोप मिळाल्यासारखा दिसतो. मागे एक अंधारखोली आहे. रीळ धुण्याचा जमाना गेला तशी ती अडगळीची झाली. तिच्या खिडकीला हनुवटीनं काळा कागद चिकटवला होता तो तसाच राहिला होता. या वर्षी उकाड्याला कंटाळून वहिनीनं तो टराटरा फाडला, खिडकी उघडली आणि हाक मारली.

‘अहो, मागे या. गिऱ्हाईक आलंय.’

‘बसव स्टुलावर.’

‘बसलंय. मान फिरवतंय. पार पाठीपर्यंत.’

खिडकीसमोरच्या जुन्या झाडाला एक ढोली होती आणि ढोलीच्या तोंडाशी एक घुबड बसलं होतं. लहानसं, ठिपक्यांचं, उजेड असतानाच संध्याकाळी शिकारीला निघणाऱ्या जातीचं. त्यानं हनुवटीकडे असं पाहिलं, जणू आजवर स्टुलावर बसलेल्या सगळ्यांच्या वतीनं जाब विचारतंय. हनुवटीनं आपोआप मान खाली घातली. वहिनी हसून हसून अडगळीतल्या मोडक्या स्टुलावर बसली आणि ते स्टूल आणखी मोडलं.

त्या दिवसापासून दुकान संध्याकाळी लवकर बंद व्हायला लागलं. सुरुवातीला ढोलीतून नुसता गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज यायचा. मग पांढऱ्या पिसांचे गोळे दिसू लागले. तीन होते. वहिनीनं त्यांची नावं ठेवली: थोरला, मधली आणि शेंडेफळ. थोरला सगळ्यांना ढकलून पुढे यायचा. बाप पाल घेऊन आला की ती त्याच्याच घशात जायची. मधली डोकं गोल गोल फिरवून जगाचा अभ्यास करायची. शेंडेफळाचा फक्त एक डोळा दिसायचा, बाकीचं ते भावंडांच्या मागे. हनुवटी रोज खिडकीत कॅमेरा लावायचा आणि सवयीनं पुटपुटायचा, ‘जरा पुढे ये रे बाळा. हां. हनुवटी खाली.’

‘त्यांना हनुवटी असते का?’ वहिनी विचारायची.

‘तू गप गं. हलतात ती.’

पिल्लं रोज वाढत होती. पांढऱ्यावर तपकिरी ठिपके उमटू लागले, भुवया उठून दिसायला लागल्या. आणि रोजच्या फोटोत तीच एक खोट राहायची. ढोलीच्या तोंडावर एक पालवीची फांदी लोंबत होती. कधी थोरल्याच्या डोळ्यावर पान, कधी मधलीच्या चोचीवर. आयुष्यभर लोकांच्या कपाळावरचे केस मागे सारणाऱ्या माणसाला हे सहन होईना. जेवताना त्याचा हात हवेतच काहीतरी बाजूला करायचा.

‘राहू द्या की,’ वहिनी म्हणाली. ‘घराला पडदा लागतोच.’

एका दुपारी वहिनी बहिणीकडे गेली. हनुवटीनं शिडी लावली, बॅकड्रॉपचं, म्हणजे फोटोमागच्या पडद्याचं, कापड कापायची मोठी कात्री घेतली आणि फांदी छाटली. अगदी हलक्या हातानं, नाभिकानं लग्नाआधी नवरदेवाचे कल्ले साफ करावेत तशी. आणि त्या संध्याकाळी सोनेरी उजेड थेट ढोलीत शिरला. तिन्ही पिल्लं ओळीनं दाराशी आली, शेंडेफळसुद्धा पूर्ण बाहेर, वर आई. सगळ्यांनी एकाच क्षणी कॅमेऱ्याकडे पाहिलं. हनुवटीला मंत्र म्हणावाच लागला नाही.

वहिनी परत आल्यावर त्यानं तिला संगणकासमोर बसवलं. तिनं खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाली, ‘अहो, हा तुम्ही काढलात?’ लग्नानंतर या सुरात तिनं त्याला पहिल्यांदाच काही विचारलं असेल. हनुवटीची छाती फुगली.

‘आणि ती फांदी?’

‘वाऱ्यानं गेली.’

तिनं सवयीप्रमाणे फोटो मोठा केला. मुरूम शोधायची तिची नजर कडेकडेनं फिरली आणि वरच्या कोपऱ्यात थांबली. तिथं लाकडावर एक पांढरा, ओला, तिरका काप होता. सुरीनं काकडी कापावी तसा सफाईदार.

‘वाऱ्याकडे कात्री होती वाटतं,’ ती म्हणाली.

हनुवटीचे कान लाल झाले. ‘एवढीशी तर होती. त्यांना काय फरक पडतोय? तू तेवढा काप पुसून टाक.’

‘फोटोतला पुसते. झाडावरचा कोण पुसणार?’

पण तिनं पुसला. फोटो मोठ्या चौकटीत काचेत लागला, आणि खरंच लोक थांबू लागले. गॅरेजवाला स्कूटर थांबवून म्हणाला, ‘काका, आमचे फोटो काढता तेव्हा कुठे जाते ही कला?’ हनुवटी दिवसभर दारात उभा राहू लागला. आत स्टुलावर गिऱ्हाईक हनुवटी खाली करून ताटकळत बसायचं.

मग कावळे आले.

फांदी होती तोवर त्यांना ढोलीचा पत्ता नव्हता. आता दुपारचं ऊनही सरळ आत जात होतं. पिल्लं तापली की दाराशी येऊन चोच उघडून धापा टाकायची, म्हणजे सगळ्या जगाला दिसायची. हनुवटीला ते कळत होतं. तो खिडकीतून हुशहुश करायचा, टाळ्या वाजवायचा आणि ‘सवय होईल त्यांना’ असं वहिनीला न विचारता सांगायचा. एका सकाळी कलकलाट ऐकून दोघं मागे धावले. थोरला ढोलीत नव्हता. मधली झाडाखाली पडली होती, मान न फिरवता. आई-बाप कुठेच दिसत नव्हते. आतल्या अंधारात खोल एक डोळा तेवढा चमकत होता.

हनुवटीनं मधलीला उचललं. हातात तिचं वजनच लागेना, सगळी पिसंच होती.   वहिनीनं त्याला एक शब्द सुनावला नाही, आणि सुनावलं असतं तर बरं झालं असतं असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

मग तो आत पळाला आणि आमचा हा थोर माणूस काय घेऊन बाहेर आला? स्टुडिओतला बॅकड्रॉप! निळं आकाश, मागे डोंगर, कडेला रंगवलेला कठडा. तो ढोलीवर टांगायला निघाला.

‘अहो, फडफडला तर ती आई जन्मात आत येणार नाही!’ वहिनी ओरडली. ‘पानं हवीत. खरी.’

कुंपणावरच्या झुडपाच्या डहाळ्या तोडून आणल्या. हनुवटी शिडीवर, कॅमेऱ्याचा पट्टा दातांत. त्या पट्ट्यानंच त्यानं डहाळ्या कापलेल्या फांदीच्या खुंटाला बांधल्या. कावळ्यांनी टकलावर दोनदा चोच मारली. तो हलला नाही. खाली उतरल्यावर कपाळावरून रक्त ओघळत होतं. ते पुसायला वहिनीनं पदर पुढे केला तर म्हणाला, ‘असू दे.’

कॅमेरा तिनं कपाटात ठेवला. दोघं अंधारखोलीत जमिनीवर बसले. संध्याकाळ झाली, कोणी आलं नाही. ढोलीतून आवाज येत होता, तोच बिजागरीचा, पण एकट्याचा आणि मधूनमधून. दुसऱ्या संध्याकाळी तो आणखी बारीक झाला.

‘येतील ना गं?’ हनुवटीनं विचारलं.

‘मला काय विचारता? मी काय त्यांची जाऊ आहे?’ ती म्हणाली, पण खिडकीवरून नजर हटवली नाही.

उजेड जाता जाता आई समोरच्या विजेच्या तारेवर येऊन बसली. चोचीत किडा. नव्या पानांकडे तिनं डोकं वर-खाली करून, वाकडं करून पाहिलं. उडाली. हनुवटीनं डोळे मिटले. वहिनीनं त्याचं मनगट घट्ट धरलं. आई परत तारेवर आली, मग कठोर मालकिणीनं भाडेकरूच्या खोलीत शिरावं तशी डहाळ्यांतून आत गेली. बिजागरी एकदम जोरात वाजली.

शेंडेफळ वाढलं. डहाळ्या वाळल्या की हनुवटी आई नसताना बदलायचा. ते उडून गेलं तेव्हा दोघं दुकानात होते. कोणीच पाहिलं नाही.

तिघांचा फोटो त्यानं काचेतून काढला. आता तिथं दुसरा आहे, फांदी छाटण्याआधीचा: सगळी पानंच पानं आणि फटीत अर्धा डोळा. लोक थांबत नाहीत. परवा गॅरेजवाला परवान्याच्या फोटोसाठी आला होता.

‘काका, यात आहे तरी काय?’

‘आहे. आत आहे.’

‘पण तो तिघांचा झकास होता हो. तो का काढलात?’

संगणकामागून वहिनीनं वर पाहिलं. हनुवटी कॅमेऱ्याच्या मागे गेला. 

‘केस मागे घे,’ तो म्हणाला. ‘आणि माझ्याकडे बघू नकोस. कॅमेऱ्यात बघ.’