मंडईला गेलेला कुत्रा

आमचा कुत्रा पळून गेला, असं मी म्हणते. नवऱ्याचं म्हणणं, तो पळाला नाही, गेला. या फरकावरून आमच्या घरी बरीच वादावादी झाली आणि खरं सांगायचं तर त्याचंच बरोबर होतं. पळणारा कुत्रा मागे वळून बघत, कावराबावरा होऊन पळतो. आमचा गेला तो एका पिकअप गाडीत, पाहुण्यांच्या मधोमध बसून आणि त्यांच्याइतकाच पोटभर जेवून.

कुत्र्याचं नाव इथे लिहीत नाही. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, ते गावातल्या एका गृहस्थांवरून ठेवलं होतं. त्या गृहस्थांशी मामाजींचं शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जुनं वाकडं आहे आणि गृहस्थ अजून ठणठणीत आहेत. सकाळ-संध्याकाळ त्या नावाने "बस", "गप" आणि "तिकडे सरक" म्हणायला मिळायचं, तेव्हा मामाजींचा चेहरा असा काही खुलायचा की मी कधी हरकत घेतली नाही. मी गोंदिया शहरातली, बाजारपेठेत वाढलेली. लग्न होऊन बिरसीजवळच्या या गावात आले तेव्हा धुरा म्हणजे काय हेही मला ठाऊक नव्हतं. आता त्यावरून माणसं पिढ्यान्‌पिढ्या कशी भांडतात ते मी कोणालाही समजावून सांगू शकते.

मामाजींना काचबिंदू झाला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली सांभाळा. मामाजींनी घरी येऊन जाहीर केलं की डॉक्टर शिकाऊ होता. त्यानंतर आपल्याला दिसत नाही असं ते एकदाही बोलले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही. नवऱ्याने एक चांगली काठी आणून दिली, ती त्यांनी दाराच्या कोपऱ्यात उभी करून ठेवली. रोज सकाळी चहा झाला की ते खिळ्यावरची साखळी काढत आणि म्हणत, "याले फिरवून आनतो." मग कुत्रा त्यांना दारातून बाहेर काढी, नालीवरच्या फरशीवरून नेई, बोडीच्या पाळीने चौकात नेऊन चहाच्या टपरीशी थांबवी. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. टपरीवर मामाजींचं राजकारण चाले आणि कुत्र्याला बिस्किट मिळे. बिस्किट संपलं की परत. कोण कोणाला फिरवतं हे साऱ्या गावाला कळत होतं, पण चकार शब्द कोणी काढला नाही. या बाबतीत आमचं गाव फार सभ्य आहे.

दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा, म्हणजे आज ज्यांच्याकडे आपण जेवायचं ते उद्या आपल्याकडे जेवायला येणार. दुकानं लागतात, ढोलकी वाजते, दंडारीचं लोकनाट्य होतं, शिंगाड्यांचे ढीग पडतात, आणि ज्यांची लग्नं जुळायची असतात त्यांना त्या गर्दीत एकमेकांना बघता येतं. घराचं दार त्या दिवशी लावायचं नाही. आत येणारा कोण, कोणाचा, हे विचारायचं नाही. विचारलं तर त्याचा अर्थ, आपल्याला नातीगोती कळत नाहीत. मी पहिल्या वर्षी एका माणसाला "आपण कोण?" असं विचारलं होतं. तो नवऱ्याचा सख्खा मावसा निघाला आणि ते ऐकणं माझ्या नशिबी अजून आहे.

तर आमच्या मंडईच्या दिवशी मी कुत्र्याला मागच्या गोठ्यात बांधलं होतं. घरात पाय ठेवायला जागा नव्हती, मटणाचं दुसरं पातेलं चुलीवर होतं. माझ्या चुलत नणदेचे दीर हात धुवायला मागे गेले आणि त्यांना दया आली. "सनाच्या दिवशी जनावराले काऊन बांधून ठेवलं बापा?" असं म्हणून त्यांनी त्याला सोडलं आणि साखळी नीट खिळ्याला अडकवून ठेवली. एवढा टापटिपीचा माणूस, पण सोडलं हे कोणाला सांगायचं मात्र राहून गेलं.

संध्याकाळी पाहुणे पांगले तेव्हा मामाजींनी विचारलं, "त्याले जेवाले देल्लं का?" मी हो म्हटलं. मला खरंच वाटत होतं की दिलंय. सकाळी चहा झाल्यावर त्यांनी खिळ्यावर हात टाकला, साखळी हाती आली. ते गोठ्यापर्यंत भिंतीच्या आधाराने गेले, दोन हाका मारल्या, परत आले आणि खाटेवर बसले.

"येईन तो," ते म्हणाले. "आज तसाही बाहेर जाचा मूड नाई मले."

दुसऱ्या दिवशीही मूड नव्हता. तिसऱ्या दिवशी पाय दुखत होता. बिरसीच्या विमानतळावरच्या, वैमानिक घडवणाऱ्या शाळेचं विमान डोक्यावरून घरघरत गेलं की ते मान वर करत, जणू दिसतंय. दिवसातून कितीदा तरी मला वेळ विचारत. टपरीवरचे दोघे मित्र एकदा येऊन बसले, पण सून चार हातांवर धान्य निवडत असताना शिव्या देता येत नाहीत आणि शिव्यांशिवाय त्यांचं राजकारण पुढे सरकत नाही. दोघे पाणी पिऊन निघून गेले. मामाजींचं जेवण निम्म्यावर आलं. मला भीती वाटायला लागली. कुत्र्याची कमी आणि त्यांची जास्त. या वयात माणूस एकदा खाटेला चिकटला की तिथून त्याला कोणी उठवू शकत नाही, हे मी माझ्या माहेरी बघितलं होतं. तो कुत्रा यायला हवा होता. त्याच्याशिवाय ते घराबाहेर पडणार नव्हते आणि आम्ही हात धरून नेतो म्हटलं असतं तर ते आम्हाला कधीच माफ करणार नव्हते.

नवऱ्याने आधी आधुनिक उपाय केला. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुत्र्याचा फोटो टाकला, खाली नाव लिहिलं आणि लिहिलं, "आमच्यातून निघून गेला आहे, घरचे काळजीत आहेत." आमच्या ग्रुपवर मजकूर शेवटपर्यंत वाचायची पद्धत नाही, फोटोही बऱ्याच जणांच्या मोबाइलमध्ये उघडत नाही. पाच मिनिटांत "भावपूर्ण श्रद्धांजली" सुरू झालं. कोणी लिहिलं, फार मनमिळाऊ होते. ज्यांच्यावरून नाव ठेवलं त्या गृहस्थांच्या घरी दोन जण जाऊन आले आणि गृहस्थांनी स्वतः दार उघडल्यावर चहा पिऊन परतले. मामाजींना हे सांगितलं तेव्हा ते त्या आठवड्यात पहिल्यांदा हसले. पण उठले नाहीत.

शेवटी चुलत नणदेचा फोन आला. पिकअपमध्ये कुत्रा होता म्हणे. पुढे बसलेल्यांना वाटलं मागच्यांचा आहे, मागच्यांना वाटलं पुढच्यांचा. गाडी आमगावच्या बाजूला दुसऱ्या गावच्या मंडईला गेली. तिथे कुत्रा सगळ्यांबरोबर उतरला, सगळ्यांबरोबर अंगणात शिरला. घरच्यांना वाटलं पाहुण्यांचा, पाहुण्यांना वाटलं घरचा. हाकलणार कोण? मंडईच्या दिवशी पाहुण्याचा कुत्रा हाकलणं म्हणजे पाहुण्यालाच हाकलणं.

मी आणि नवरा मोटारसायकलवर निघालो. कापलेलं धान बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, वाळत पडलं होतं, रस्त्यावर मंडईला जाणाऱ्यांची गर्दी होती. मी म्हटलं, दारातूनच विचारू आणि पुढे निघू. नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं त्या मावश्याच्या वेळी बघितलं होतं. त्या बघण्याचा अर्थ मला पहिल्याच घरी कळला: गावाचा मंडईचा दिवस उलटून गेला तरी या दिवसांत येणारा पाहुणा मंडईचाच.

"या, या! यंदा आठवन झाली म्हना!" घरधन्याने अंगणातून हाक मारली. पाय धुवायला पाणी आलं, सतरंजी अंथरली गेली. आता या माणसाला आम्ही तुमच्या मंडईला नाही, कुत्र्यासाठी आलोय, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? जेवलो. मटण झालं, वडे झाले, वर अनरसे. सुपारी हातात आल्यावर नवऱ्याने सहज आठवल्यासारखा विषय काढला.

"हाव, होता ना!" घरधनी म्हणाला. "तुमचा होय का तो? लय गुनाचा. तो तं गेला आमच्या साळ्याच्या गाडीत, पुढच्या मंडईले."

पुढच्या गावी पुन्हा पाय धुणं, पुन्हा सतरंजी, पुन्हा मटण. खाटेवर बसलेला माणूस डोळ्यांसमोरून जात नव्हता आणि इथे माझा नवरा रस्सा मागून घेत होता. मी त्याला कोपराने ढोसलं तर म्हणाला, "नाही म्हटलं तर वाईट दिसतं." त्याला काही वाईट दिसू नये म्हणून त्याने दोन वाट्या संपवल्या. कुत्रा तिथूनही, अर्थातच, नातलगांबरोबर पुढे गेला होता.

तिसऱ्या घरी तो सापडला. अंगणात तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगावर पसरला होता, चांगला तुकतुकीत झाला होता. मला बघून त्याने एक डोळा उघडला आणि मिटला. घरची बाई ओशाळून म्हणाली, "कोनाचा होय हे कोनाले विचारलं नाई आमी. पावन्याले कवा जाता म्हनून कसं विचारावं, सांगा?" मला तिचं म्हणणं पटलं आणि त्याच वेळी त्या कुत्र्याच्या पाठीत एक रट्टा घालावासाही वाटला. ज्याच्यासाठी एक माणूस अन्न टाकून बसला होता, तो इथे जावयासारखा राहत होता. अर्थात तिथेही आम्हाला जेवावं लागलं.

कुत्र्याला दोघांच्या मध्ये बसवून आम्ही परत आलो तेव्हा ऊन अजून होतं. दार उघडं होतं. खाट रिकामी होती. कोपऱ्यात काठी नव्हती.

मी नवऱ्याच्या अंगावर ओरडले, त्या रश्श्यावरून, सगळ्यावरून. मग पळत सुटले. आधी बोडीवर गेले आणि पाण्याकडे बघितलं. पाण्यावर शिंगाड्याचे वेल जसेच्या तसे होते, कुठे हललेले नव्हते. एवढं बघूनही मी पाळीवर पुन्हा एक फेरी मारली. नवरा कुत्र्याला घेऊन निघाला होता, त्याला वाटलं वासावरून शोधेल. कुत्रा त्याला सरळ टपरीवर घेऊन गेला आणि बिस्किटासाठी बसला. मामाजी तिथे आलेच नव्हते. शेजारणीने त्यांना निघताना बघितलं होतं, "कुठं चालले?" विचारलं तर म्हणाले होते, "पोरं त्याले कुठं शोधतीन? मीच पाहतो."

गावाच्या टोकाला बिरसीच्या रस्त्यावर कोणीतरी भाड्याने द्यायला नव्या खोल्या बांधल्या आहेत. बाहेरून आलेली माणसं राहतात, आमचा त्यांचा फारसा संबंध नाही. टपरीच्या ऐवजी उलट्या बाजूला वळलं की माणूस तिथे पोहोचतो. मी त्या बाजूला फक्त उरलेली जागा म्हणून गेले. तिसऱ्या खोलीपुढच्या ओसरीत मामाजी प्लास्टिकच्या खुर्चीवर ताठ बसले होते. काठी मांडीवर आडवी, हातात पोह्यांची बशी, समोर स्टुलावर चहा. एक तरुण बाई पदर सावरून खाली बसली होती. तिचं कुटुंब छत्तीसगडकडून आलेलं, नवरा ट्रकवर.

"बाबूजी तो कब से बैठे हैं," ती कौतुकाने मला म्हणाली. "इतने महीने हो गए, पहली बार गाँव से कोई हमारा हाल पूछने आया."

"म्या म्हटलं, नवीन मानसं होत," मामाजी मोठ्याने म्हणाले, "कोनी गेलं नाई तं आपनच जाऊन यावं." मग तिला तिच्या गावचं धान कसं झालं ते विचारलं, सासू कोणाकडे असते ते विचारलं, पोहे चांगले झाल्याचं सांगितलं. इतकं रुबाबात चाललं होतं की क्षणभर मलाही वाटलं, ते मुद्दाम इथे भेटायला आले. मी त्या बाईचे आभार मानले. कुत्रा सापडल्याचं सांगितलं. "म्या म्हटलं नव्हतं, येईन तो म्हनून?" ते म्हणाले.

मी त्यांच्या हातातली बशी घ्यायला वाकले. आमच्या घरात सासरे सुनेला हात लावत नाहीत. चहाचा कप मी ठेवायचा आणि त्यांनी उचलायचा, इतकी वर्षं असंच चाललं होतं. त्यांनी चाचपडत माझं मनगट धरलं, मला जवळ ओढलं आणि त्या बाईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं,

"बाई, हे कोनाचं घर होय?"

मी सांगितलं. बिरसीच्या रस्त्यावरच्या नव्या खोल्या.

"लय दूर आलो मंग," ते म्हणाले.

ते उठले. घर येईपर्यंत त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.