पाईपमधली बादली

कॉम्प्युटर रूममध्ये दहा वर्षं काढली की किस्से साठतात, घरात जुन्या चाव्या साठतात तसे. कुलपं आठवत नाहीत आणि चाव्या टाकवत नाहीत. फॅक्टरीतले जुने लोक शेलू गावी माझ्या घरी जमले की हसवणारे किस्से मी आधी सांगून घेतो.

ऐंशीच्या दशकाची अखेर. कुंभिवलीजवळची आमची केमिकल फॅक्टरी. मशीन आलं, त्याच्यासाठी एसी आला. आम्हाला पंखासुद्धा नव्हता! गेटवरचे वॉचमन धर्मातात्या म्हणाले, "देव बसवलाय, तर नारळ फोडा की!" कॉम्प्युटर रूमचे मुख्य साळवी साहेब, त्यांनी खरंच फोडला. पाणी कीबोर्डवर. पहिला कीबोर्ड तिथंच गेला.

*

आग लागून भोंगा झाला की सगळ्यांनी गेटबाहेर यायचं आणि तात्यांनी नावं पुकारायची. जो ओ देणार नाही, त्याला शोधायला माणसं आत जायची. तीनशे नावं तात्यांना टोकन नंबरासकट तोंडपाठ!

साहेबांनी फर्मान काढलं, "यापुढे मशीनची यादी वाचायची. पाठांतर बंद."

तात्या म्हणाले, "बरं झालं बाबा, डोस्क्याला सुट्टी."

*

साहेब एकदा सगळ्यांना पाईप समजावत होते. "पळसदरीच्या धरणाचं पाणी पाईपमधून येतं ना? तशी इथे नावं येतात. एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात."

तात्यांनी विचारलं, "आन मधीच कुनी बादली लावली, तर?"

आम्ही पोट धरधरून हसलो.

*

कँटीनच्या कुपनांची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, साहेबांनीच लिहिली. खात्यांची नावं पाईपमधून यायची आणि प्रत्येक खात्याला स्क्रीनवर प्रश्न यायचा, "छापू का?" पहिल्याच दिवशी एकाआड एका खात्याचीच कुपनं छापली गेली. अर्धी फॅक्टरी उपाशी! साहेब म्हणाले, "प्रिंटरची रिबन बदल." मी बदलली.

*

मग भोंग्याच्या वेळच्या हजेरीची यादी साफ करायचं निघालं; पगाराचं रजिस्टर वेगळं. भातलावणीला दांडी मारणं आमच्याकडे दरसालचंच. पण त्या पावसाळ्यात गैरहजर असलेली चौदा माणसं साहेबांना काम सोडून गेलेली वाटली. चौदा नावं टोकन नंबराच्या क्रमाने पाईपमधून सोडली. प्रत्येकाला प्रश्न, "काढू का?" मी 'एन' दाबला तर नाव राहणार, दुसरं काहीही आलं तर जाणार. मी 'एन'वर बोट ठेवून बसलो.

प्रश्न सरसर वर गेले. एकदाही थांबले नाहीत.

"काय स्पीड आहे, साहेब!" मी म्हणालो. हो, मीच म्हणालो.

*

दिवाळीनंतर एका सकाळी शेडला आग लागली. भोंगा झाला. तात्यांनी नवी यादी वाचायला घेतली.

"काशिनाथ ठोंबरे!"

"दुपारपाळीला हाय त्यो!" कुणीतरी ओरडलं. पुढचं नाव. शेवटपर्यंत वाचून तात्यांनी बंबवाल्यांना सांगितलं, "आत कुनी नाय." त्यांनी बाहेरूनच पाणी मारलं.

दुपारी काशिनाथ पाळीला आला. स्टँडवर त्याच्या धाकट्या भावाची सायकल उभी होती, हँडलला डबा.

"तात्या, आमचा गणू कुटं हाय?"

तात्यांनी यादी दोनदा चाळली. मग म्हणाले, "मला पाठ व्हता रं त्यो... मी कागद वाचत व्हतो."

*

गणूच्या दहाव्याला साहेब आले नाहीत. मी गेलो. तोवर मला चूक सापडली होती. प्रश्न विचारून मशीन माझ्या कीबोर्डकडे बघतच नव्हतं. त्याच पाईपमधलं पुढचं नाव उचलायचं आणि तेच उत्तर धरायचं. तात्यांची बादली!

काशिनाथने मला बाजूला घेतलं.

"मशीननं इचारलं व्हतं का, गणूला काढू का म्हनून?"

"विचारलं होतं."

"मंग उत्तर कुनी दिलं?"

दोघे भाऊ एकाच दिवशी कामाला लागलेले. टोकनं लागोपाठ, भातलावणीची दांडीही एकत्रच. गणू एकशे बारा, काशिनाथ एकशे तेरा.

मी म्हणालो, "कुणीच नाही, दादा."