फ्रेंच बाजूची ओदील

जिनिव्हाच्या विमानतळाला दोन बाजू, एक स्विस आणि एक फ्रेंच. आणि ओदील ग्रोफियेनं आयुष्यातली चोवीस वर्षं चुकीच्या बाजूला घालवली, असं सरहद्दीलगतच्या फेर्ने या फ्रेंच गावातली शेजारपाजारची मंडळी तिच्या तोंडावर बोलून दाखवत. त्यांचंही खोटं नव्हतं. राहायचं फ्रान्सात, ब्रेड आणि चीज फ्रान्सच्या भावानं घ्यायचं, आणि पगार मात्र स्विस फ्रँकमध्ये आणायचा, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. ओदील फ्रेंच बाजूच्या काउंटरवर बसून भाड्यानं गाड्या द्यायची आणि पगारही फ्रेंचच घ्यायची. कुणी कीव करायला लागलं की म्हणायची, "माझी काळजी नको. मी तिथे उगाच नाही बसले. मी वाट बघतेय."

वाट कुणाची, हे कुणी विचारत नसे. सगळ्यांना माहीत होतं.

बाई अठ्ठावन्न वर्षांची, हाडापेरानं मजबूत, गळ्यात दोरीला लटकणारा चष्मा. बाप जुरा डोंगरातल्या गावात चीज करायचा, त्यामुळे बर्फाचं कौतुक तिला कधी वाटलं नाही. बर्फात माणूस कसा मरतो हे तिनं लहानपणीच पाहिलं होतं. म्हणून असेल, किंवा पुढे जे झालं त्यामुळे असेल, पण तिनं आपल्या काउंटरपुरता एक कायदा करून ठेवला होता: आधी साखळी, मग किल्ली. स्विस बाजूच्या गाड्यांना हिवाळ्याचे टायर आधीच चढवलेले असतात. फ्रेंच बाजूला तसं नाही. तिथे चाकाला बांधायच्या लोखंडी साखळ्यांची पिशवी डिकीत टाकून देतात, घाटात बर्फ लागला की तुमचं तुम्ही बघा. ओदीलनं पार्किंगमध्ये एक जुनं चाक लाकडी ओंडक्यावर ठोकून ठेवलं होतं. नव्याकोऱ्या जाकिटातले इंग्रज साहेब असोत की डच कुटुंबं, प्रत्येकानं ओल्या जमिनीवर गुडघे टेकायचे, त्या चाकाला एकदा साखळी चढवून दाखवायची, आणि मगच किल्ली हातात. लोक चरफडत, लियोंच्या मुख्य कचेरीला तक्रारी लिहीत. स्विस बाजूची पोरं तिला 'गुडघेवाली सासू' म्हणत. पण अकरा वर्षांत तिच्या हातून गेलेली एकही गाडी घाटात घसरली नव्हती, तेव्हा लियोंवाले तक्रारी वाचून फाइलला लावून टाकत.

अकरा वर्षांपूर्वी एक घसरली होती.

तेव्हा काउंटरवर दोघी असायच्या, ओदील आणि नादेज पेरे. नादेज सात-आठ वर्षांनी लहान, गोड बोलणारी, गिऱ्हाइकांच्या मुलांना खिशातून चॉकलेट काढून देणारी. ओदीलनंच तिला काम शिकवलं. जेवणाचा डबा एकत्र, सिगारेट एकत्र, आणि दोघींत मिळून कॉम्प्युटर एकच, तो सकाळी ओदीलच्या नावानं उघडायचा तो संध्याकाळपर्यंत तसाच. फेब्रुवारीतल्या एका दुपारी ओदील मागे आर्मिंदूबरोबर परत आलेल्या गाड्या मोजत होती. आर्मिंदू म्हणजे गाड्या धुणारा पोर्तुगीज, अजूनही तिथेच आहे. तेवढ्या वेळात नादेजनं एका बेल्जियन कुटुंबाला गाडी दिली आणि हाताला लागली ती साखळ्यांची पिशवी दिली. माप लहान होतं. घाटात नवरा तासभर झटला, साखळी चाकावर बसेना, शेवटी तशीच गाडी रेटायला गेला. बायको ढकलायला खाली उतरली होती. गाडी मागे घसरली आणि बाई गाडी नि कठडा यांच्यामध्ये सापडली. जीव वाचला, एक पाय कायमचा अधू झाला.

चौकशीला साहेब आले. कॉम्प्युटरवर नाव ओदीलचं. नादेज डोळे पुसत म्हणाली, "मी त्या वेळी स्विस बाजूला कागद द्यायला गेले होते." आर्मिंदूनं खरं काय ते सांगितलं, पण गाड्या धुणाऱ्याचं कोण ऐकतो. सगळं खापर ओदीलच्या डोक्यावर फुटलं. स्विस बाजूची जागा तिला जवळजवळ मिळालीच होती. दोन महिन्यांत तिथे नादेज जाऊन बसली, आणि पुढे फ्रान्सातल्याच दिव्होनला तळं दिसेल असं घर बांधून मोकळी झाली.

जागा गेली त्याचं ओदीलनं फार मनाला लावून घेतलं नाही. पण उन्हाळ्यात त्या बेल्जियन बाईचं पत्र आलं. बाई प्राथमिक शाळेत शिकवायची, अक्षर सुरेख. 'मादाम ग्रोफिये, तुम्ही त्या दिवशी पिशवीकडे एकदा तरी पाहिलंत का, एवढंच मला कळवा,' असं लिहिलं होतं. ओदीलनं चार वेळा उत्तर लिहायला घेतलं. 'ती मी नव्हे' असं लिहिलं की स्वतःलाच ते पळपुटेपणाचं वाटे. उत्तर गेलं नाही. जगाच्या पाठीवर एक लंगडणारी बाई आपल्याला रोज नावानिशी शिव्या देत असेल, हे घेऊन ती अकरा वर्षं झोपली आणि उठली. तिनं नादेजवर डूख धरला तो यासाठी.

बरं, नादेज दूर कुठे गेली असती तरी एक वेळ चाललं असतं. मध्ये फक्त कस्टमचं टेबल आणि काचेचा दरवाजा. येता-जाता ती पलीकडून हात हलवायची, "बोंझूर ओदील! कशी आहेस गं?" ओदील "बोंझूर" म्हणायची आणि तेवढंच म्हणायची.

मग तो शनिवार आला. शाळांना सुट्टी लागलेली, वर डोंगरात दोन दिवस बर्फ पडत होता आणि वाटेवर पोलीस साखळ्या नसलेल्या गाड्या माघारी पाठवत होते. काउंटरपासून पार्किंगच्या दारापर्यंत दहा-बारा माणसं उभी होती. आजूबाजूच्या कंपन्यांच्या गाड्या सकाळीच संपल्या होत्या आणि ओदीलकडे बिनबुकिंगची एकच करडी गाडी शिल्लक होती. तेवढ्यात काचेचा दरवाजा उघडून नादेज आली. हाताला धरलेली सहा वर्षांची नात, पाठीवर दोघींचे बर्फातले कपडे, आणि चेहरा घामेजलेला.

"ओदील, माझी गाडी बंद पडली गं. मुलगी-जावई कालच वर गेलेत, आज संध्याकाळपर्यंत हिला पोहोचवायचीय. एक गाडी दे."

"तुझ्याकडे पन्नास उभ्या आहेत की."

"स्विस नंबरपाटीच्या! मी राहते फ्रान्सात. कस्टमवाल्यांनी अडवलं तर गाडी ठेवून घेतील, तुला काय सांगायचं?"

ते खरंच होतं. दिव्होनच्या माणसानं स्विस पाटीची गाडी घेऊन फ्रान्सच्या डोंगरात सुट्टीला जायचं म्हणजे आ बैल मुझे मार. स्विस बाजूची राणी पन्नास गाड्या सोडून नाक मुठीत धरून फ्रेंच बाजूला आली होती. ओदीलला इतका आनंद झाला की तिला चष्मा पुसावा लागला.

"नंबर लाव," ती म्हणाली.

नादेज पाऊण तास रांगेत उभी राहिली. नंबर आला तसा ओदीलनं कागद भरला, सही घेतली, पार्किंगमध्ये नेऊन नातीला करड्या गाडीत बसवलं, आणि लाकडी ओंडक्याकडे बोट केलं.

"काय?"

"आधी साखळी."

"ओदील, अगं मी याच धंद्यात आहे!"

"मग तर पाच मिनिटांचं काम. टेक गुडघे."

नादेजनं गुडघे टेकले. पण स्विस बाजूला अकरा वर्षं टायर चढवलेल्याच गाड्या. साखळीला तिनं हातसुद्धा लावला नव्हता. आकडा निसटला, नख तुटलं, पांढऱ्या पँटवर काळं पाणी उडालं. मागचा एक डच माणूस न राहवून म्हणाला, "मादाम, आधी आतली बाजू." रांगेत कुणीतरी हसलं. नात गाडीत बसून काचेला नाक लावून बघत होती. वीस मिनिटांनी साखळी कशीबशी बसली आणि नादेज धापा टाकत उठली.

"झालं समाधान? दे किल्ली."

ओदील आत गेली आणि एकाच फळीवरून दोन पिशव्या घेऊन आली. मिठानं नि पाण्यानं पिशव्यांवरचे मापाचे छापील आकडे केव्हाच पुसून गेलेले. एकीच्या तोंडाशी लाल धागा शिवलेला, दुसरीच्या हिरवा. दोन्ही तिनं जमिनीवर शेजारी शेजारी ठेवल्या.

"कुठली नेतेस?"

नादेज पिशव्यांकडे बघत राहिली. "म्हणजे? या गाडीला कुठली बसते?"

"तू सांग. तू याच धंद्यात आहेस."

"ओदील, चेष्टा पुरे. वर बर्फ पडतोय."

"त्या दिवशीही पडत होता."

नादेजचा आवाज खाली आला. "माझी नात आहे गाडीत."

"त्यांचीही मुलं होती गाडीत. दोन. तूच चॉकलेट दिलं असशील त्यांना."

नादेजनं इकडेतिकडे पाहिलं. आर्मिंदू फडकं खांद्यावर टाकून येऊन उभा राहिला होता. रांगेतली माणसं वाकून बघत होती. सगळ्यांना भाषा कळत नसली तरी भांडण कळत होतं. "मी लियोंला तक्रार करीन," नादेज म्हणाली.

"कर. पत्ता देऊ?"

"मला... मला कळत नाही गं कुठली ते. सांग ना. तुझ्या पाया पडते."

"पायांचं मला काय करायचंय. त्या दुपारी पिशवी कुणी दिली, तेवढं बोल. मोठ्यानं. आर्मिंदूला जरा कमी ऐकू येतं."

"मला कमी ऐकू येतं," आर्मिंदूनं लगेच दुजोरा दिला.

नादेज रडायला लागली. ओदीलनं ते रडणं पूर्वी एकदा पाहिलं होतं, म्हणून ती विरघळली नाही. शेवटी नादेज म्हणाली, "मी दिली. मी पाहिलंच नाही. घाई होती. पुढे नोकरी जाईल म्हणून घाबरले, आणि कॉम्प्युटरवर तुझंच नाव होतं." मग एकदम ओरडली. "बोलले ना! सगळ्यांसमोर बोलले!"

"आता लिही."

ओदीलनं काउंटरवरचा कोरा कागद आणि पेन आणून बोनेटवर ठेवलं. नादेजनं चार ओळी लिहिल्या, खाली सही आणि तारीख. आर्मिंदूनं साक्षीदार म्हणून आपलं लांबलचक पोर्तुगीज नाव लिहिलं, त्याला बराच वेळ लागला. ओदीलनं चष्मा लावून कागद दोनदा वाचला. मग घडी घालून खिशात ठेवला. हा सोमवारच्या टपालानं बेल्जियमला जाणार होता.

"आता तरी सांग," नादेज म्हणाली. "लाल की हिरवी?"

"कुठलीही घे."

"ओदील!"

"दोन्ही बसतात. लाल धागा गेल्या वर्षीच्या पिशव्यांना, हिरवा यंदाच्या. माप एकच."

नादेजचं तोंड उघडं राहिलं. "तू मला फसवलंस."

"मी? मी फक्त विचारलं, कुठली नेतेस. एक पिशवी चुकीची असेल, मी पोराबाळांच्या गाडीत चुकीची साखळी टाकीन, हे तुझ्या डोक्यात आलं. या रांगेतल्या दुसऱ्या कुणाच्या डोक्यात आलं असतं का, विचार."

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. ओदीलनं लाल धाग्याची पिशवी स्वतः उचलून डिकीत ठेवली, झाकण दाबून बघितलं आणि किल्ली नादेजच्या तळहातावर ठेवली. गाडी हळूहळू बाहेर पडली आणि फेर्नेच्या रस्त्याला लागली.

"बरं वाटलं, मादाम ओदील?" आर्मिंदूनं विचारलं. "माझी आई म्हणायची, सूड घेतला की आतून पोकळ वाटतं."

"तुझ्या आईनं कधी घेतला नसेल," ओदील म्हणाली. "मला तर कडकडून भूक लागलीय."

पण रांगेत अजून चार माणसं होती. तिनं डच माणसाला जवळ बोलावलं आणि ओंडक्यापाशी गुडघे टेकायला सांगितलं.