सरुबाईची हाळी

वराळ्याच्या सरुबाईचं तोंड सुरू झालं की बांधावरची माणसं कामं टाकून ऐकत बसत. लहानपणीच कपाळ पांढरं होऊन ती माहेरी परतली होती. उन्हाळ्यात पाटीभर करवंदं लोणावळ्याच्या स्टेशनावर विकायची, आणि तिची हाळी इंजिनाच्या शिट्टीलाही हटत नसे.

तिचा सगळा जीव भाचीवर, सोपानभावाच्या रतनवर. पण पोरीला चौथं लागलं तरी बोलेना. गाव तिला खुशाल मुकी म्हणू लागलं आणि सरुबाईचा तिळपापड होऊ लागला. रोज सकाळी ती मधात वेखंड उगाळून पोरीच्या जिभेला लावी. एकदा तरी तिनं ‘आत्ते’ म्हणावं, एवढंच मागणं. पण कुणी विचारलं, “रतने, भूक लागली का गं?” की पोरीनं ओठ उघडायच्या आत सरुबाईच, “लागली तर! भाकर नगं, दूध पायजे तिला!” सगळं असं आयतं मिळाल्यावर जिभेला कष्ट कोण देईल? पण हे त्या बाईला सांगायला मधे फट तर मिळायला हवी!

एकोणीसशे चोवीस सालच्या वैशाखात जत्रा झाली. कुस्त्यांच्या फडात सरुबाई इतकी ओरडली की दुसऱ्या दिवशी घशातून नुसती हवा. तरी पाटी आणि रतनला घेऊन ती लोणावळ्याला गेलीच. गाडी आली. तिनं तोंड उघडलं, आवाज नाही.

रतननं आत्याकडे पाहिलं. मग कमरेवर हात ठेवून तिनं ठणठणीत हाळी दिली, “करवंदं घ्या, काळीभोर करवंदं!” एक बाई घासाघीस करू लागली, तशी ही ठसक्यात म्हणते, “घ्यायची तर घ्या, न्हाईतर वाट धरा!”

फलाटाची हसून पुरेवाट झाली. सरुबाई फतकल मारून हसतही होती, रडतही होती. तेवढ्यात हुकूम आला, “आत्ते, ऊठ की!”

त्या दिवसापासून कुणी रतनला काही विचारलं की सरुबाई पदराचा बोळा तोंडात कोंबून बसे.

म्हातारपणी अंगावरून वारं गेलं आणि तिची वाचा बसली. घरचे तिच्या तोंडाकडे बघत एकदम ओरडत, “पाणी? भाकर? दूध?” रतन सासरहून आली आणि कडाडली, “गप ऱ्हावा समदी! तिला बोलू द्या.” तिनं करवंदांची पाटी आत्यापुढं ठेवली आणि वाट बघत बसली. बराच वेळ गेला. वाकडे ओठ हलले.

“घ्या... घ्यायची तर घ्या... न्हाईतर वाट धरा!”

सगळं घर खदखदून हसलं. रतननं ओटी पसरली. “घेते की, आत्ते.”