आत्याचं मनगट

गल्लीत तिला सगळे अर्कआत्या म्हणतात. एक तर ती पाल्या-पाकळ्यांचा अर्क काढते, आणि स्वभावानेही ती अर्कच आहे. मी तिचा सख्खा भाचा, त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे.

तिच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीत बरण्या मांडलेल्या असतात. आत कोरफडीचा गर, काकडीची सालं, झेंडूच्या पाकळ्या, साखर आणि पाणी. तोंडाला फडकं बांधलेलं. सगळं फसफसून आंबलं की ती गाळते, पातळ करते आणि बाटल्या भरते. कुणाला पुरळ उठलंय, कुणाचा गाल दाढी करून चरचरतोय, सगळे तिच्या दारात. बाटली देण्याआधी ती स्वतःच्या मनगटावर थेंब चोळून बघते. काही झालं नाही की माल पास. याबाबतीत ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

त्या दिवशी मात्र गाठ सुनेशी पडली. सुनेच्या तान्ह्या बाळाचे गाल लालबुंद झाले होते. डॉक्टरांनी दिलेल्या मलमाने हळूहळू फरक पडत होता, पण हळूहळू हा शब्दच आत्याला ठाऊक नाही. ती नव्या बरणीतल्या अर्कात कापूस भिजवून आली, तर सून पाळण्यासमोर उभी.

"आई, बाळाला नको."

"का? मी काय विष आणलंय?"

"आधी मला लावा. थोडा वेळ बघू."

"सकाळीच लावून बघितलंय मी मनगटावर!"

"तरी मला लावा ना."

आतेभावाने मोबाईलमध्ये तोंड खुपसलं. आई आणि बायकोच्या मध्ये पडायचं धाडस त्याने लग्नातच गुंडाळून ठेवलंय. मी आपला मूर्खासारखा मधल्या खुर्चीत सापडलो होतो.

सुनेने बाही वर केली. आत्याने तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला कापूस दाबला, शिक्का मारावा तसा. बाळ किरकिरत होतं, चादरीला गाल घासत होतं, आणि दर वेळी आत्या सुनेकडे डोळे वटारून बघायची. दुपार उलटली तरी हात स्वच्छ.

"झालं समाधान?" आत्याने कापूस पुन्हा भिजवला आणि ती पाळण्यावर वाकली.

"थांबा!" सून म्हणाली. "खाजतंय मला."

"मनाचे खेळ सगळे."

सुनेने हात पुढे केला. कोपरापाशी लाल चट्टा उठला होता, त्यावर बारीक पुळ्या. आत्याने तिला खिडकीशी नेऊन हात निरखला. मग स्वतःचं मनगट उजेडात धरलं. तिथे साधी लालीसुद्धा नव्हती. तिने तिथेच नखाने चिमटा काढला, मग आणखी जोरात काढला.

"निबर झालीये गं ही कातडी," ती म्हणाली. "चोळून चोळून पार निबर. हिला आता काही कळत नाही, आणि मी हिच्यावर विसंबून लोकांना देत बसले."

खरं सांगतो, मला तिची दया नाही आली. भीती वाटली. तो कापूस बाळाच्या गालापासून जेमतेम वीतभर लांब होता.

तेवढ्यात तिला गल्लीतले शिंपीकाका आठवले. मानेवरच्या घामोळ्यांसाठी त्यांनी सकाळीच याच बरणीतली बाटली नेली होती. आत्या अनवाणीच निघाली. सुनेने बाळ नवऱ्याच्या मांडीवर दिलं आणि ती मागोमाग धावली. मीही निघालो.

शिंपीकाका मान वाकडी धरून मशीन चालवत होते. कॉलरच्या वर मान सुजून लाल झाली होती.

"अहो काका, पुसून नाही का टाकायचं?" सून ओरडलीच.

"आग तर फार होत होती," ते म्हणाले. "पण यांनी दिलंय म्हटल्यावर मी आणखी एकदा लावलं."

आत्याने तिथलंच पाणी घेऊन मान हलक्या हाताने धुतली, ओला रुमाल त्यावर धरला, पुन्हा भिजवून धरला. मग रुमाल काढून ती बाजूला सरकली आणि सुनेला जवळ बोलावलं.

"तू हात लावून बघ गं, उतरलीये का आग. मला नाही सांगता येणार."