मोझॅकची फरशी

मी नववीतून शाळा सोडलेला माणूस. हिंगोलीकडून येऊन भोसरीच्या एका वर्कशॉपात तयार माल तपासतो. ओके आणि रिजेक्ट, या दोन शब्दांवर माझा संसार चालतो. लग्नाला अकरा वर्षं होऊनही घरात पाळणा हलला नाही, तेव्हा मनात यायचं, दत्त महाराजांनी मला कुठल्या पेटीत टाकलं असेल, ओकेच्या की रिजेक्टच्या?

शेवटी टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार घेतला. पाच गर्भ तयार झाले, पोटात ठेवण्याआधी त्यांची तपासणी झाली. रिपोर्टचा फोन आला तेव्हा शेजारी प्रेस मशीन धडाधड ठोकत होतं. "चार ठीक नाहीत. एक मोझॅक आहे," दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या. मी ओरडलो, "मॅडम, फरशी नको, खोली भाड्याची आहे!" त्यांनी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात यायला सांगितलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी न हसता समजावलं. त्या गर्भाच्या काही पेशी बरोबर आहेत, काही चुकलेल्या. अशाला मोझॅक म्हणतात. टिकेलच असं नाही, बाळात दोषही राहू शकतो. पण अशातून चांगली मुलंही झाली आहेत. ठेवायचा की नाही, सही तुमची. रोज शिक्के मारणारा मी, तो कागद सही न करताच खिशात घातला. "रिजेक्टच म्हणावं लागेल," मी रिक्षात पुटपुटलो. बायको, सविता, फाडकन म्हणाली, "अहो, लेकरू हाय ते, बेअरिंग नाही!"

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर दिघीतल्या दत्ताच्या देवळात गेलो. काय मागावं तेच सुचेना. मान खाली घालून उभा राहिलो.

"आरं ए, पाय उचल की, वल्लं हाय!" फरशी पुसणाऱ्या आजी खेकसल्या. मी पाय उचलला, नजर मात्र खालीच. त्यांना वाटलं, मी फरशी निरखतोय. "मोझॅक हाय ती. फुटक्या लाद्यांचं तुकडं घालून क्येली. लोक म्हनलं, टिकायची न्हाई. लगीन हून आले तवापासनं पुसतीया, येक तुकडा हालला न्हाई. आता दुसरा उचल."

मोझॅक हा शब्द मी तोंडातून काढलाही नव्हता. एका पायावर उभा राहून मी रडलो. पाय मुरगळला समजून आजींनी मला खांबाला टेकवलं.

आम्ही दोघांनी सही केली. गर्भ रुजला. चौथ्या महिन्यात बाळाभोवतीच्या पाण्याची तपासणी चांगली आली, तरी मी विचारलंच, "परत एकदा बघता का?" सविताने टेबलाखालून चिमटा काढला.

लेक आता वर्षाची होईल. फरशीमुळे ती टिकली असं मी म्हणत नाही, तेवढं माझं शिक्षण नाही. एवढंच उमगलं, की तपासणं माणसाच्या हाती असतं, त्यापुढे शिक्का महाराजांचा. परवा तिला देवळात नेलं. ओल्या फरशीवर ती सुसाट रांगत सुटली. आजींना सगळं सांगायचं म्हणून मी हात जोडले, तोच त्या म्हणाल्या, "पाय उचल."

मी निमूटपणे उचलला. हात जोडलेलेच होते.